अलाइनमेंटच्या आधी बॉल जॉइंट पाहा

वणीकडचे कोळशाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते आणि काळ्या मातीवर खचणारे गावरस्ते यांमुळे यवतमाळ जिल्ह्यात मोटारीचे पुढचे टायर लवकर झिजतात. गिऱ्हाईक म्हणते, अलाइनमेंट करून द्या. पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल तर सेटिंग टिकतच नाही. गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि कारागिराचे नाव. म्हणून आधी टायरची हवा बरोबर करावी, गाडी जॅकवर उचलून चाक हलवून पाहावे. ढिला भाग बदलल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

कॅम्बर, कॅस्टर बदलण्याची सोय असलेल्या गाडीत ते आधी बसवावेत, टो शेवटी. कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत. तिच्यात मुळात टोच बसवता येतो. स्टिअरिंग सरळ धरून दोन्ही टाय रॉडना सारखाच फरक द्यावा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडे!

दोरी लावून टो बसवणाऱ्या जुन्या मिस्त्रींना हसण्याचे कारण नाही. हात बसलेला असेल तर काम चोख होते. कॅम्बर मात्र दोरीला कळत नाही. टायरची एकच कड गुळगुळीत दिसली तर गाडी मशीनवर पाठवावी.