सुरू लागणीआधी घरीच रोपे करा

दूधगंगा-वेदगंगा काठच्या भारी रानात ऐन थंडीत कांडी पुरली, की डोळा उशिरा फुटतो, काही डोळे कुजतात आणि सरीत तुटाळ पडते. तुटाळ म्हणजे बुडालेले टनेज! म्हणून जानेवारीअखेरच्या लागणीची रोपे डिसेंबरातच धरावीत, असे आम्ही सुचवतो.

नऊ-दहा महिन्यांचे निरोगी बेणे घ्या, खोडव्याचे नको. एका डोळ्याचे तुकडे बुरशीनाशकाच्या पाण्यात १० मिनिटे बुडवून, डोळा वर करून कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावा. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाका. आतल्या उबेने कोंब हलले, की ट्रे सुटे करून झारीने पाणी द्या.

चार बाय दोन फुटांवर एकरी ५,४४५ रोपे बसतात. पाचशे जादा करा. नांगे भरायला तीच कामी येतात.