हेडफोन मुरत नाही, कान सरावतो

चंडीगडच्या सेक्टर २२ च्या बाजारात किंवा एलांते मॉलमध्ये पंचवीस-तीस हजारांचा हेडफोन घेतला आणि दोन दिवसांनी ‘आवाज फार टोचतो’ अशी तक्रार घेऊन माणूस परत गेला, की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं : ‘सौ घंटे चलने दो जी, खुल जाएगा.’ मग राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कात नोकरीला असलेला पुण्याचा इंजिनिअर रात्रभर उशीखाली हेडफोन वाजत ठेवतो आणि घरच्या ग्रुपवर इतरांनाही तेच करायला सांगतो. या प्रकाराला ‘बर्न-इन’ असं भारदस्त नाव आहे. लोणचं मुरावं तसा हेडफोन मुरतो, ही कल्पना इतकी पक्की बसली आहे की शंका घेणाऱ्यालाच अडाणी ठरवलं जातं.

वस्तुस्थिती अशी : हेडफोनच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागात, शंभर तासांत कानाला जाणवेल असा बदल होतो, याचा भरवशाचा पुरावा नाही. बदल होतो तो पॅडमध्ये, बँडच्या पकडीत आणि सगळ्यात जास्त ऐकणाऱ्याच्या मेंदूत.

हा समज आला कुठून, तेही पाहायला हवं, कारण त्यात सत्याचा एक कण आहे. घरातल्या मोठ्या स्पीकरचा कागदी कोन दोन आधारांवर तोललेला असतो : कडेला रबराची किंवा फोमची वळी आणि मागे राळेत भिजवून कडक केलेलं चुणीदार कापड. स्पीकर नवा असताना हे आधार ताठर असतात. थोडा वेळ जोरात वाजल्यावर ते सैल होतात आणि हा फरक मोजताही येतो. हेडफोनच्या नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये असं चुणीदार कापडच नसतं. तिथे प्लास्टिकची अतिशय पातळ फिल्म असते, तिची कडाच आधाराचं काम करते आणि तिची हालचाल मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकीच असते. १०० हर्ट्झचा सूर तासभर वाजला तर ही फिल्म ३ लाख ६० हजार वेळा पुढे-मागे होते. सैल व्हायचं तेवढं पहिल्या काही वेळातच होऊन जाणार. शंभर तासांचा आकडा कुठल्या भौतिकशास्त्रातून आला, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

शिवाय एक साधा प्रश्न आहे. फिल्म सैल पडत असेल, तर आवाज दर वेळी सुधारतोच कसा? यांत्रिक बदलाला चांगलं-वाईट कळत नाही. हजारो हेडफोनांपैकी निदान काहींचा आवाज शंभर तासांनी बिघडायला हवा होता. ‘माझा बर्न-इननंतर बिघडला’ असं मात्र जवळजवळ कुणी म्हणत नाही. आणि सैल होणं बरोबर शंभराव्या तासाला थांबेल, दोनशेव्या किंवा हजाराव्या तासाला नाही, हे कशावरून?

ज्यांना तर्क पुरत नाही त्यांच्यासाठी मोजमापं आहेत. शुअर या अमेरिकन कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणलेल्या ई-१ इअरफोनचे भरपूर वापरलेले जोड पुन्हा तपासले. ते कारखान्यातून निघाले तेव्हा जसे होते तसेच निघाले, असं कंपनीने ‘वायर्ड’ मासिकाला २०१३ मध्ये सांगितलं. उलट बाजूचा पुरावाही टाळू नये. हेडफोन मोजण्यात हयात घालवलेल्या टिल हर्टसेन्स यांनी एकेजी क्यू-७०१ चा नवा आणि वापरलेला असे दोन नग न बघता ऐकले आणि १५ पैकी १३ वेळा बरोबर ओळखले. बर्न-इनवाले हा निकाल नेहमी पुढे करतात. पण ते दोन वेगवेगळे नग होते, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत मुळातच थोडा फरक असतो. शिवाय त्याच मॉडेलचा एक नग तासन् तास वाजवून मोजला तेव्हा त्यांना आढळलेले बदल अगदी बारीक होते.

किती बारीक, याचा अंदाज घरी येतो. ओळखीचं गाणं लावावं आणि हेडफोनचा कप अर्धा सेंटिमीटर पुढे, मग मागे, मग किंचित खाली सरकवावा. झांजेचा, टाळ्यांचा, ‘स’ आणि ‘श’चा आवाज लगेच बदलतो. आता चष्मा घालून ऐकावं. काडीमुळे पॅड आणि कानशील यांच्यात फट राहते आणि बंद प्रकारच्या हेडफोनचा खर्ज तिथून निसटतो. रोज हेडफोन डोक्यावर चढवताना होणारा हा फरक बर्न-इनच्या नावावर मोजल्या गेलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मग पंधरा दिवसांनी आवाज खरंच गोड का वाटतो? वाटतो, हे खरं आहे. ते सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्यामागचं कारण तेवढं चुकीचं सांगत असतो. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठात हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑप्स्टाल या संशोधकांनी माणसांच्या कानाच्या पाळ्यांत साचे बसवून कानाचा आकारच बदलला. आवाज वरून येतोय की खालून, हे त्या माणसांना सुरुवातीला कळेना. काही आठवड्यांत मेंदू नव्या कानांना सरावला, आणि साचे काढल्यावर जुनी जाणही जशीच्या तशी शाबूत निघाली. हा अभ्यास १९९८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. हेडफोनही कानाच्या पाळीला वळसा घालून वेगळ्याच रीतीने आवाज पोचवतो. मेंदूला ती नवी रीत शिकावी लागते.

चंडीगडला तर हे उमजायला परदेशी अभ्यासाचीही गरज नाही. सेक्टर ३० मधल्या सीएसआयओ या केंद्रीय प्रयोगशाळेने डिजिटल श्रवणयंत्र विकसित केलेलं आहे, आणि सेक्टर १२ मध्ये १९६२ पासून पीजीआय हे मोठं रुग्णालय उभं आहे. पहिल्यांदा श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांना ताटवाट्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची सळसळ असह्य वाटते. म्हणून ऑडिओलॉजिस्ट यंत्र रोज थोडा थोडा वेळ, वाढवत वाढवत वापरायला सांगतात. यंत्र रात्रभर उशीखाली चालू ठेवा, असं कुणी सांगत नाही! सराव कानाला हवा असतो. हेडफोन डोक्यावर नसताना वाजत राहिला तर सराव कुणाचा होणार?

हा वाद निव्वळ हौशी लोकांचा असता तर सोडून देता आला असता. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, म्हणून तो सोडता येत नाही. ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करायची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. रोज दोन तास ऐकणाऱ्याचे शंभर तास पन्नासाव्या दिवशी भरतात. तोवर न आवडलेला हेडफोन गळ्यात पडलेला असतो.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात एवढं करावं. आवाज कमी ठेवून अर्धा-पाऊण तास ऐकावं. अगदी पाठ असलेलीच ध्वनिमुद्रणं घ्यावीत, उदाहरणार्थ किशोरी आमोणकरांचा भूप : तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याची घुमक, श्वास. जुना आणि नवा हेडफोन दर पाच मिनिटांनी आलटून पालटून घालू नये, त्याने मेंदू एकालाही सरावत नाही. सेक्टर १८ मधल्या टागोर थिएटरात प्राचीन कला केंद्राचं भास्कर राव संमेलन होतं, जमेल तेव्हा तिथे खरा तानपुरा ऐकून यावा. एवढं करूनही आठवड्याने आवाज टोचत असेल, तर तो त्या हेडफोनचा स्वभाव आहे. इक्वलायझरमध्ये टोचणारी पट्टी थोडी खाली घ्यावी, नाहीतर मुदतीत परत करावा.

आरामाचा प्रश्न वेगळा, कारण तिथे वस्तू खरोखर बदलते. पॅडमधला फोम अंगच्या उबेने मऊ होतो, पॅड बसतं, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि त्याने आवाजातही थोडा फरक पडतो. धातूची पट्टी असलेला घट्ट बँड रात्रभर त्याच्याच खोक्यावर ताणून ठेवला तर पकड सैलावते. प्लास्टिकच्या घडीच्या सांध्यांवर मात्र हा प्रयोग करू नये. वजन काही कमी होत नाही : सेनहायझर एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा, एअरपॉड्स मॅक्स ३८५ चा, ऑडिझी एलसीडी-एक्स ६१२ चा. जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कृत्रिम चामड्याच्या पॅडखाली घाम साचतो. मखमली पॅडमधून हवा खेळते.

आणि या शहरात पगडी आहे. पगडीची लड कानाचा वरचा भाग झाकते, बँड डोक्यावर नीट टेकत नाही, पॅड अर्धं कापडावर आणि अर्धं कानावर बसतं. त्या फटीतून खर्ज निघून जातो. शंभर तास काय, शंभर दिवस वाजवूनही तो परत येणार नाही. अशा गिऱ्हाइकाला कानात बसणारे इअरफोनच दाखवायला हवेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

महाग तितका सुरेल? ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन तपासले. किंमत आणि ध्वनीचा समतोल यांच्यात संबंध आढळला नाही.

खोक्यावर ४० किलोहर्ट्झ छापलं आहे? माणसाचा तरुण कानही २० च्या आसपास थांबतो.

ओहम जास्त म्हणजे मोठा अॅम्प हवाच? नुसत्या ओहमवरून ठरत नाही, संवेदनशीलताही बघावी लागते.

नॉइज कॅन्सलिंगने कानावर दाब येतो? हवेचा दाब बदलत नाही. घुमणारे खालचे आवाज अचानक गेल्याने मेंदूला तसा भास होतो.

भारी हेडफोनने कान बिघडत नाहीत? कानाला किंमत कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. कानात सतत शीळ वाजत असेल तर हेडफोन बदलण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

दुकानदारांकडून एकच अपेक्षा आहे. ‘सौ घंटे’ सांगण्याऐवजी गिऱ्हाइकाला खुर्ची द्यावी, त्याच्याच फोनवरचं गाणं लावू द्यावं आणि चष्मा किंवा पगडी असेल तर ती तशीच ठेवून पैसे घेण्याआधी अर्धा तास ऐकू द्यावं.