सुटे चक्र आणि चालकाची बैठक

शर्यतीच्या मोटारीत माणसाने कसे बसावे, हा प्रश्न मोटारींच्या इतिहासात फार उशिरा गांभीर्याने घेतला गेला. १९५० साली पहिले जागतिक अजिंक्यपद पटकावणारा इटालियन चालक ज्युसेप्पे फारिना हा, स्टिअरिंगच्या चक्राला छाती भिडवून गाडीशी झुंज घेणाऱ्या पूर्वसूरींची वहिवाट मोडून, पाठ मागे रेलून आणि बाहू लांब ठेवून गाडी हाकीत असे. आणि १९६२ साली नेदरलँड्समधील झांडव्हूर्ट येथे कॉलिन चॅपमन यांनी लोटस २५ मैदानात उतरविली तेव्हा तर, वाऱ्याला होणारा अडथळा कमी व्हावा म्हणून, जिम क्लार्क जवळजवळ उताणा होऊनच ती चालवीत होता. पुढे गाड्यांची कॉकपिटे अधिकाधिक अरुंद होत गेली, आणि चक्र काढून ठेवल्यावाचून आत शिरणेच दुरापास्त झाले.

आत-बाहेर करण्याची वाट आणि हातांना सोयीची जागा या दोहोंचा हक्क एकाच पोकळीवर असतो, आणि चक्र कायमचे जखडलेले असते तोवर या तंट्याचा निकाल बहुधा वाटेच्या बाजूनेच लागतो: चक्र दूर राहते, चालक पुढे झुकतो, त्याचे खांदे आसनापासून सुटतात आणि वळणावर अंग तोलण्यासाठी तो चक्रालाच लटकतो. चक्र सुटे झाले की हा तंटा मिटतो. म्हणूनच चक्र सुटे करणारे हे साधन मला प्रथमतः बैठकीचे साधन वाटते. चोरापासून होणारे संरक्षण हा त्याचा गौण लाभ होय.

याची रचना न्याहाळण्याजोगी आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावर खाचांचा पोलादी गाभा, चक्राच्या पाठीशी तशाच खाचांचे कवच, आणि कवचाभोवती स्प्रिंगने दाबून धरलेली कॉलर. ती ओढली की आतल्या गोळ्यांना मागे सरायला जागा मिळते, त्या गाभ्यावरील खोबणीतून निघतात आणि चक्र हाती येते. पुन्हा लोटले की ‘टक्’ असा आवाज होऊन ते पक्के बसते. चांगल्या घडणीत एक खाच इतरांहून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे चक्र तिरके बसूच शकत नाही. हलक्या मालात मात्र खाचांत फट राहते, चाके हलण्यापूर्वी चक्र थोडे रिकामेच फिरते, आणि असा खेळ असलेले साधन कितीही स्वस्त मिळाले तरी त्याज्य समजावे. चक्र चढविल्यावर ते स्वतःकडे जोराने ओढून पाहावे. याला अपवाद नाही.

बसविताना बहुतेकांची फसगत होते ती लांबीच्या हिशेबात. या यंत्रणेची जाडी बॉसच्या, म्हणजे दांडा व चक्र यांना जोडणाऱ्या तुकड्याच्या, लांबीत मिळून चक्र चालकाकडे पुढे येते, म्हणून बॉस आखूड निवडावा लागतो. स्क्रूंचे वर्तुळही पारखून घ्यावे: मोमोच्या चक्रांत ते ७० मिलिमीटरचे, तर नार्डीच्या चक्रांत ७४ मिलिमीटरचे असते. आधी आसन ठरवावे, चक्राचा विचार मागाहून. कंबर आसनाच्या तळाशी टेकवून क्लच पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग खांदे पाठीला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट चक्राच्या माथ्यावर विसावले पाहिजे, म्हणजे बाजूंना धरल्यावर कोपरे आपोआप वाकतात. ही सर्व मोजणी हेल्मेट चढवून आणि पट्टे पुरते आवळूनच करावी, कारण सैल पट्ट्यात सुखकर वाटलेले अंतर आवळलेल्या पट्ट्यात हातभर दूर भासते.

रस्त्यावरील गाडीत हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, आणि मूळ चक्र काढले की त्यातील एअरबॅगही जाते. शर्यतीच्या चालकाला हेल्मेट व अनेकपदरी पट्टे यांचा आधार असतो, तो सामान्य प्रवाशाला कोठून मिळणार?

फॉर्म्युला वनच्या नियमावलीने तर चक्र काढून बाहेर पडण्याच्या कृतीला कालमर्यादाच घालून दिली आहे. चालकाच्या डोक्याभोवतीचे हॅलो नामक कडे २०१८ साली आल्यावर पूर्वीची ५ सेकंदांची मुदत ७ सेकंद झाली: तेवढ्यात पट्टे सोडून, चक्र काढून चालकाने बाहेर पडायचे आणि एकूण १२ सेकंदांच्या आत चक्र पुन्हा जागच्या जागी बसवायचे. ही शेवटची अट मार्गरक्षकांसाठी आहे. बंद पडलेली गाडी बाजूला ढकलताना तिची चाके वळविण्यासाठी त्यांच्या हाती चक्र असावे लागते.