तंबू घेताय? आधी स्पेसिफिकेशन वाचा, मग ऑर्डर टाका

फोन घेताना आपण रॅम, बॅटरी, आयपी रेटिंग सगळं तपासतो. तंबू घेताना मात्र ‘चार जणांचा, वॉटरप्रूफ’ एवढंच वाचून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

नोव्हेंबरात आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला होतो. आकाश निरभ्र, पावसाचा थेंब नाही, तरी पहाटे माझी स्लीपिंग बॅग ओली! आधी वाटलं तंबू गळतोय. पण पाऊसच नाही, तर गळणार काय? पाणी आमचंच होतं. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमून खाली ठिबकत होती. तंबू एकाच थराचा होता आणि हवा जायला जागा नव्हती.

म्हणून तंबूच्या माहितीत या चार गोष्टी आधी बघा.

१. थर: दोन थरांचा तंबू घ्या. आत जाळी, बाहेर पावसाचं कव्हर. वाफ जाळीतून बाहेर जाते आणि कव्हरवर जमलेले थेंब तुमच्या अंगावर पडत नाहीत.

२. मिमीचा आकडा: 1500 मिमी, 3000 मिमी असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत पाणी झिरपत नाही, ते हा आकडा सांगतो. हलक्या सरींना 1500 चालतं, पण सह्याद्रीतल्या पावसात 3000 च्या आसपास हवं. तळाच्या कापडाचा आकडा वेगळा बघा. आपला गुडघा, कोपर टेकतो तिथे दाब जास्त येतो. शिवणीवर आतून टेप आहे ना, तेही तपासा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं.

३. माणसं: ‘चार जणांचा’ म्हणजे चार जण चिकटून झोपले तर! सॅक आत ठेवायच्या असतील तर एक माणूस कमी धरा. एका माणसाला साधारण 60 सेंमी रुंदी, असा हिशोब करा.

४. वजन आणि काठ्या: फायबरग्लासच्या काठ्या स्वस्त, पण जड असतात आणि वाऱ्यात तडकू शकतात. ॲल्युमिनियमच्या हलक्या असतात, पण महाग पडतात.

आता कुठे जाणार, त्यावर ठरवा.

पवना किंवा भंडारदऱ्याला गाडी घेऊन जात असाल, तर वजनाची चिंता नको. पाच-सहा किलोचा मोठा तंबूही चालेल.

गडावर पाठीवर न्यायचा असेल, तर दोघांचा तंबू अडीच किलोच्या आत बसवा आणि काठ्या-कापड दोघांत वाटून घ्या. सह्याद्रीच्या कातळात खुंट्या शिरत नाहीत, म्हणून खुंट्यांशिवाय उभा राहणारा डोम तंबू घ्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. दोऱ्या बांधायचा कंटाळा करू नका, कड्याजवळचा वारा रिकामा तंबू सहज उडवतो.

कोकणात किनाऱ्यावर साध्या खुंट्या वाळूतून सुटून येतात. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि ती पुरायची. भरतीची रेषा कुठे येते, ते आधी बघून ठेवा.

हिमालयात बर्फात जायचं असेल, तर चार ऋतूंचा तंबू लागतो. त्याच्या काठ्या बर्फाचं वजन पेलतात आणि जाळी कमी असते. पण वर्षातून एकदाच जाणार असाल, तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. ट्रेक नेणारे बरेचदा तंबू देतातच.

सगळ्यात महत्त्वाचं: तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. थंडी लागते म्हणून निखारे आत घेऊन झोपलेली माणसं यातच जिवानिशी गेली आहेत.

मुक्कामाचे नियमही आधी विचारून घ्या. हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो.

नवीन तंबू आला की एकदा गच्चीवर उभा करा, वरून दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसून शिवणी बघा. काही निघालं, तर परत करायची मुदत संपलेली नसते. गडावर रात्री दोन वाजता ती सोय नाही!