कारखान्यातील एक वर्ष : एका शिकाऊ उमेदवाराचा अनुभव

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि पाच-सहा महिने फडावरचे बिऱ्हाड, हा क्रम केज तालुक्यातील आमच्या युसूफ वडगावलाही परका नाही. माझे आई-वडील याच कामावर जात. त्यामुळे साखर कारखान्याचे धुराडे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. परंतु ते नेहमी फाटकाबाहेरून. फाटकाच्या आत मी जे एक वर्ष काढले, त्याची हकीकत शेतकरी बंधूंना व त्यांच्या मुलांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर मला एका साखर कारखान्यात एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी मिळाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये ही सोय करण्यात आली आहे. उमेदवार व कारखाना यांच्यात करार होतो, त्याची नोंदणी होते, दरमहा विद्यावेतन मिळते आणि अखेरीस परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी होय. त्यामुळे करारात तसे नमूद नसल्यास, वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कारखान्यावर नसते. मात्र प्रशिक्षण घेताना कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कारखान्याची असते. या गोष्टी आरंभीच समजून घेतल्या म्हणजे पुढे निराशा होत नाही.

पहिले दोन महिने मला फार जड गेले. विद्यावेतनातून खोलीचे भाडे व जेवण भागून हाती थोडेच उरे. उलट, मी कोयता धरला असता तर घरात एकरकमी उचल आली असती, आणि मागील उचल तर अद्याप फिटावयाची होती. मुकादमाचा निरोपही आला. मी उमेदवारी सोडण्याच्या बेतात होतो. तेव्हा फडावरून वडिलांनी कळविले, “एक हंगाम आम्ही दोघं आणखी ओढू. तू अर्ध्यात टाकून येऊ नकोस.” मी राहिलो, पण मन लावून काम करू लागलो ते पुढील प्रसंगानंतर.

ऊस वजनकाट्यावरून गव्हाणीत पडतो, तेथून चरकात जातो. १०० टन उसापासून सुमारे १० ते ११ टन साखर निघते आणि २८ ते ३० टन चिपाड उरते. हे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तेच बॉयलरचे इंधन होय. ही सर्व साखळी अखंड चालावी लागते. एक कडी अडली की सारे थांबते. गव्हाणीच्या बेअरिंगांना वेळेवर वंगण देऊन वहीत नोंद करणे हे काम माझ्याकडे होते. एका रात्री झोपेच्या भरात मी वंगण न देताच नोंद केली. पहाटे बेअरिंग तापून अडकले व गव्हाण चार तास बंद पडली.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी मला आवारात नेले. बैलगाड्यांची रांग फाटकापर्यंत लागली होती. बैल सोडलेले होते आणि एका गाडीखाली एक बाई लेकराला कुशीत घेऊन निजली होती. मिस्त्री म्हणाले, “अरे, तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो. वजन घटलं की शेतकऱ्याचं बिल घटतं आणि तोडणाऱ्याची मजुरीही घटते. तू खोटी नोंद कुणाच्या ताटातून केलीस ते बघ.” त्या वेळी माझे आई-वडील दुसऱ्या कारखान्याच्या आवारात असेच ताटकळत असतील, हा विचार मनात आला आणि मान खाली गेली. ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला जावा, कारण उशिराने वजनाबरोबर साखरेचाही उतारा घटतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मात्र त्या पहाटे कळला.

गळीत हंगाम संपल्यावर खरे शिक्षण सुरू झाले. कारखान्यातील यंत्रे उलगडून दुरुस्त करण्याचा तो काळ. डोळ्यांना सरळ व गोल दिसणारा दांडा मायक्रोमीटरने मोजल्यावर झिजलेला आढळे. अंदाजाने काम करू नये, मोजून करावे, हा धडा मला तेथे मिळाला. हंगाम आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी पाहावयास मिळतात, म्हणून पूर्ण वर्ष काढणे आवश्यक आहे. मध्येच सोडणारास अर्धेच ज्ञान मिळते आणि प्रमाणपत्र तर मिळतच नाही.

मला कारखान्यात कायमची नोकरी मिळाली नाही. आज मी गावातच पाण्याचे पंप, पेरणीयंत्रे व मळणीयंत्रे दुरुस्त करतो आणि दुरुस्तीच्या काळात कारखान्यात रोजावर जातो. उत्पन्न फार नाही, पण ते बाराही महिने आहे. मागील उचल फिटली असून, या हंगामात आई-वडिलांनी नवी उचल घेतलेली नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती की, ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतील मुला-मुलींना ही योजना दसऱ्यापूर्वी, म्हणजे उचल घेतली जाण्याच्या आधी, समजावून सांगावी. कराराची नोंदणी झाली आहे किंवा नाही हे त्यांच्याबरोबर बसून पाहावे. पालकांनीही एक वर्षाची ओढ सोसण्याची तयारी ठेवावी. फाटकाच्या आत गेलेला एक मुलगा वा मुलगी सबंध घराचा पुढील हंगाम बदलू शकते.