दोन देशांच्या उत्पन्नाची तुलना कशी वाचावी

अमुक देशास आपण मागें टाकिलें, तमुक देश आपल्या पुढें गेला, असे मथळे वर्तमानपत्रांत वारंवार येतात व चावडीवर त्यांवरून वाद रंगतात. परंतु आंकडा कोणत्या मापानें मोजला हें न पाहतां काढिलेला निष्कर्ष फसवा ठरतो. सातबारा वाचतां येणाऱ्या शेतकऱ्यास हें मर्म मुळींच अवघड नाहीं.

एका वर्षांत देशाच्या सीमेच्या आंत जो नवा माल निपजला व मोबदल्यानें जी सेवा दिली गेली, त्यांची किंमत म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. ऊस एकदां व त्याचीच साखर पुन्हां अशी दुहेरी मोजणी होऊं नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर कच्च्या मालाची किंमत वजा करितात. घरच्या खाण्यासाठीं राखिलेलें धान्य त्यांत धरतात. घरांतील बायांचें रांधणें मात्र धरीत नाहींत.

आपल्या देशांत या हिशेबाचा पाया दादाभाई नौरोजी यांनीं घातला. 1876 सालीं मुंबईंत वाचलेल्या निबंधांत त्यांनीं प्रांतवार पिकाखालील क्षेत्र, एकरी उतारा व बाजारभाव यांवरून 1867-68 चें उत्पन्न माणशीं अवघे 20 रुपये ठरविलें. आणि तें तुरुंगांतील कैद्याच्या खर्चाशीं ताडून रयतेची हलाखी दाखविली. एकूण रकमेस माणसांच्या संख्येनें भागणें हा तुलनेचा पहिला नियम होय.

दुसरा नियम भावाचा. गतवर्षीं दहा क्विंटल ज्वारी झाली व यंदाही दहाच झाली, परंतु भाव सवाईनें चढला, तर वहींत रक्कम वाढते, कोठारांत दाणा वाढत नाहीं. म्हणून निरनिराळ्या वर्षांची तुलना एकाच वर्षाच्या भावानें करावी.

तिसरा नियम मापाचा. पूर्वीं पायलीचें माप गांवोगांव निराळें असे. तसेंच एका डॉलरच्या मोलांत येथें जेवढें धान्य व मजुरी मिळते तेवढी अन्य देशांत मिळत नाहीं. चीनचें उदाहरण घ्या. 1990 सालीं भारताचें माणशीं उत्पादन, डॉलरच्या बाजारदरानें, चीनहून किंचित् अधिकच होतें. 2023 सालीं चीनचें आपल्या सुमारें पांचपट भरलें. परंतु दोन्हीं देशांतील किंमतींचा फरक जमेस धरणाऱ्या मापानें मोजलें असतां तेंच अंतर सुमारें अडीचपटीवर येतें. दोन्हीं आंकडे खरे, माप निराळें.

तरीही अंतर पडलें हें खरेंच. त्याचें एक मोठें कारण शेतीशीं निगडित आहे. 1978 नंतर चीननें सामुदायिक शेती मोडून जमीन कसण्याचा करार कुटुंबास दिला. पीक वाढलें व मोकळे झालेले हात कारखान्यांत गेले. आज तेथें शंभर कामकऱ्यांपैकीं पंचविसांहून कमी शेतीवर आहेत. आपल्याकडे चाळिसांहून अधिक असून उत्पादनांत शेतीचा वाटा सुमारें सहावा हिस्सा उरला आहे. 1950-51 सालीं तो निम्म्याच्या आसपास होता. थोड्या भाकरीवर पुष्कळ तोंडें, हाच याचा अर्थ.

आमच्या भागांत हात हलले, हें पिंपरीस 1954 सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून व 1962 सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळापासून दिसतें. परंतु सांगवीसारख्या गांवांनीं याच शास्त्राचा आणखी एक नियम ध्यानीं ठेवण्यासारखा आहे. जमीन विकून आलेली रक्कम देशाच्या उत्पादनांत धरीत नाहींत, कारण त्या व्यवहारानें नवें कांहींच निपजत नाहीं. केवळ मालक बदलतो. दलालाची दलाली धरतात, त्या जागेवर बांधलेलें घर धरतात, जमिनीची किंमत नाहीं.

जो हिशेब देशास लागू, तोच घरास लागू. विकलेल्या गुंठ्यांचा पैसा जो वार्षिक उत्पन्न समजून मोटार व लग्नकार्यांत खर्चितो, त्याच्या वहींत एक वर्ष फार मोठें दिसतें आणि पुढील सारीं वर्षें कोरीं राहतात. तो पैसा मुद्दल समजून विहीर, शिक्षण, धंदा किंवा दुसरी जमीन यांत घालावा, व त्यापासून दरसाल जें निपजेल तेंच उत्पन्न म्हणून लिहावें. मग घरांतील माणसांच्या संख्येनें त्यास भागून, महागाई वजा करून, दहा वर्षांपूर्वींच्या आंकड्याशीं ताडावें. देशादेशांच्या शर्यतीपेक्षां हा आंकडा आपणांस अधिक सांगेल.