पोपच्या सनदेवर अरबी मथळा

इ.स. ८७६ मध्ये पोप आठवा जॉन याने फ्रान्समधल्या तूर्नूच्या मठाला एक सनद दिली. व्हायकिंगांच्या धाडींनी देशोधडीला लागलेले साधू तिथे नुकतेच स्थिरावत होते. सनद रोमच्या दप्तरातली, भाषा लॅटिन. पण माथ्यावर चक्क अरबी मजकूर! दक्षिण इटलीतल्या अरबांशी लढायला राजेरजवाड्यांना विनवणारा हा पोप. त्याच्या कारकुनांना मात्र त्यात काही वावगे वाटले नसावे. सनद पपायरसवर होती, पपायरस इजिप्तचा होता आणि इजिप्त खलिफांचे. गुंडाळीच्या पहिल्या तावावर तिथला सरकारी मथळा असे. तो तसाच राहून गेला.

नाईलकाठच्या या लव्हाळ्याचा गाभा उभा चिरून पट्ट्या काढत. त्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, मग दाब. रोपातल्याच चिकाने थर एकजीव होत. असे ताव एकापुढे एक डकवले की गुंडाळी तयार. कोरड्या इजिप्तमध्ये ती हजारो वर्षे टिकते, युरोपच्या दमट हवेत मात्र कुजते. म्हणूनच तिथे उरलेला प्रत्येक तुकडा मोलाचा.

इटलीतल्या राव्हेन्ना शहराची खरेदीखते, दानपत्रे, मृत्युपत्रे अशी पपायरसवरची बरीच कागदपत्रे टिकून आहेत. त्यांत ५५१ सालचे एक खत आहे. तिथल्या गॉथ लोकांच्या चर्चने कर्ज फेडण्यासाठी दलदलीची जमीन विकली, तेव्हा काही धर्मगुरूंनी लॅटिन खताखाली आपल्या गॉथिक भाषेत सह्या केल्या. गॉथांची सत्ता तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती.

आजच्या फ्रान्समधल्या फ्रँकांच्या राज्यात पपायरस मार्सेय बंदरात उतरे. तूरचा बिशप ग्रेगरी याने सहाव्या शतकात नांतच्या बिशपला मारलेला टोमणा प्रसिद्ध आहे: तुम्ही मार्सेयचे बिशप असतात, तर जहाजांनी तेलबिल काही आणले नसते, नुसता पपायरस आणला असता, म्हणजे तुम्हाला सज्जनांची निंदा लिहायला तो पुरला असता!

मार्सेयजवळच्या फोस बंदराच्या जकात कोठारातून कॉर्बी मठाला काय काय मिळावे, याची यादी ७१६ च्या राजाज्ञेत आहे: १०,००० पौंड तेल, १५० पौंड जिरे, आपल्याकडून गेलेली ३० पौंड मिरी आणि पपायरसच्या ५० गुंडाळ्या. गंमत अशी की खुद्द फ्रँक राजांचे दप्तर तोवर चर्मपत्रावर गेले होते. त्यांच्या पपायरसवरच्या अस्सल सनदा ६२५ पासून ६७० च्या दशकापर्यंतच्याच मिळतात. मग ही यादी खरा साठा सांगते की जुन्या हक्काची नुसती उजळणी करते, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

पपायरस का संपला? अरबांच्या विजयांनी भूमध्य समुद्रातला व्यापार तुटला, असे बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन यांचे म्हणणे. पण इजिप्त ६४२ पर्यंत अरबांच्या हाती गेले, तरी पोपच्या दप्तरात पपायरस पुढे चार शतके येत राहिला. समुद्र बंद झाला असता, तर हे घडलेच नसते. चर्मपत्रासाठी शेळ्यामेंढ्या दारात असताना दूरच्या मालाचा खर्च कशाला, हा हिशेबच उत्तरेकडे जास्त पटतो.

पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात तर त्या जुन्या पपायरसचा वेगळाच उपयोग झाला. अकराव्या शतकात तिथल्या साधूंनी अस्सल सनदांच्या कोऱ्या पाठीवर बनावट सनदा लिहिल्या! ‘प्राचीन’ हक्क सिद्ध करायला प्राचीन ताव लागणारच.

रोमने मात्र जुना रिवाज सोडला नाही. पोप तिसऱ्या बेनेडिक्टने ८५५ मध्ये कॉर्बीला दिलेली सनद जवळजवळ ७ मीटर लांब आहे. एवढा ऐवज उलगडतानाच समोरचा दबत असेल. अकराव्या शतकात पोपचे दप्तरही चर्मपत्राकडे वळले, पपायरसच्या वापराचा शेवटचा उल्लेख १०५७ चा. तोवर इजिप्तमध्येच कागदाने पपायरसला हटवले होते. पोपच्या पपायरसवरच्या अस्सल सनदा आज जेमतेम दोन डझन उरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच रोममध्ये नव्हे, तर स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात आहेत; जमिनीचा हक्क शाबीत करायला लागतील म्हणून तिथल्या चर्चांनी त्या जपून ठेवल्या होत्या.